सामान्यज्ञानातले ‘सामान्य’ कोण?

गोष्ट २०१९ च्या एप्रिल महिन्यातली आहे. नवीन पनवेलमधल्या एका विहारात जयंतीनिमित्त शाळकरी मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा ठेवली होती. मिरवणूक, गाणी, भोजनदान हे दरवर्षीचेच. त्यात बुद्धीला खाद्य देणारे काहीतरी हवे, असा तरुण कार्यकर्त्यांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. वायरमनचे काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने घरच्या घंटीची बटणे आणि रंगीत दिवे जोडून बझर तयार केला. पाच संघ होते, प्रत्येकात तीन मुले. बाबासाहेबांचे चरित्र, संविधान, फुले-शाहू, बौद्ध धम्म आणि इतर असे विभाग पाडले होते. प्रश्न आणि उत्तरे काढण्याचे काम आमच्याकडे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडले त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलायचा नाही.

तिसऱ्या फेरीत प्रश्न आला : ‘चवदार तळ्याचा सत्याग्रह कधी झाला?’

आठवीतल्या एका मुलीने सर्वांच्या आधी बटण दाबले. दिवा लागला. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, कुठला विचारताय? मार्चचा की डिसेंबरचा?’

निवेदक म्हणाले, ‘प्रतिप्रश्न करायचा नाही. नियम सांगितलाय ना? उत्तर दे.’ पोरगी गोंधळली. तिने शेजारच्या मुलीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही परीक्षकांच्या टेबलावर बसलो होतो आणि आमच्यासमोर उत्तरांचा कागद होता. दहा सेकंद झाले. ‘वेळ संपली!’ प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. तिथल्या मुलाने खडाखडा सांगितले, ‘२० मार्च १९२७!’ टाळ्या पडल्या आणि दहा गुण मिळाले. कागदावर तेच उत्तर होते.

त्या रात्री घरी आल्यावर आम्हाला झोप लागली नाही. कारण वाचकहो, पोरीने विचारले तेच बरोबर होते. चुकला होता तो आमचा प्रश्न.

आता इतिहास काय आहे तो पाहा. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तिच्या दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पंचगव्य ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. जनावरांनी पाणी प्याल्यावर ते कधी करावे लागले नव्हते. ज्या महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, तिने तो १९२७ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतला. म्हणून डिसेंबरात पुन्हा परिषद बोलावली गेली, आणि ‘सत्याग्रह परिषद’ हे नाव खऱ्या अर्थाने तिचे. पण सनातन्यांनी दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. कायदा मोडायचा नाही म्हणून सत्याग्रह तहकूब करून लोकांनी तळ्याभोवती फेरी काढली. त्या खेपेला पाण्याला हात लावला नाही. पुढे दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे ज्याला आपण मार्चचा सत्याग्रह म्हणतो, ती परिषद सत्याग्रह म्हणून भरलेलीच नव्हती. आणि जिला सत्याग्रह परिषद म्हटले गेले, तिथे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला. ‘मार्चचा की डिसेंबरचा?’ हा प्रश्न विचारायला ही सगळी साखळी डोक्यात असावी लागते. ‘२० मार्च १९२७’ म्हणायला फक्त एक ओळ पाठ असावी लागते. आम्ही दहा गुण त्या एका ओळीला दिले.

त्या मुलाला आम्ही नावे ठेवत नाही. त्याने मेहनत केली होती. प्रश्न त्याच्यापुरता नाही. जलद आठवणे, पुष्कळ माहीत असणे आणि बुद्धी असणे या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच तराजूत टाकतो आणि वजन मात्र पहिलीचेच करतो. मानसशास्त्रज्ञही त्या वेगळ्या मानतात. रेमंड कॅटेल या शास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग मांडले होते : एक, नवी अडचण समोर आल्यावर तिची उकल करणारी बुद्धी, दुसरी, शिक्षणातून आणि अनुभवातून साठत गेलेली. प्रश्नमंजुषेत दुसरीचा कस लागतो, आणि तोही बटणावरच्या बोटाच्या वेगातून. पहिलीला तिथे वावच नसतो. आमच्या विहारात ती प्रतिप्रश्नाच्या रूपाने उभी राहिली, तर आम्ही तिला नियम दाखवून खाली बसवले.

‘सामान्यज्ञान’ या शब्दाकडेही एकदा नीट पाहिले पाहिजे. सामान्य म्हणजे सर्वांचे, सर्वांना ठाऊक असलेले. बाजारातले कोणतेही सामान्यज्ञानाचे गाईड उघडा. अर्जुनाच्या धनुष्याचे नाव काय, रामाच्या धाकट्या भावाचे नाव काय, हे प्रश्न ‘सामान्य’ असतात. मात्र नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी किती प्रतिज्ञा दिल्या गेल्या असे विचारले, की तो ‘विशिष्ट समाजाचा’ प्रश्न होतो. ज्याच्या घरात रामायण-महाभारत आजीच्या मांडीवर ऐकायला मिळते, त्याला ते ज्ञान फुकट मिळते आणि त्याचे गुणही मिळतात. ज्याच्या घरात महाडच्या पाण्याची गोष्ट ऐकायला मिळते, त्याचे ज्ञान गाईडात नसते. पनवेल-उरण पट्ट्यातल्या कुठल्याही आगरी-कोळी घरात विचारा, जानेवारी १९८४ मध्ये जासईला काय झाले? सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण ते ‘जनरल नॉलेज’ नाही! जनरल म्हणजे जे पुण्या-मुंबईच्या प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असते ते.

हा खेळ फक्त आपल्याकडे चाललेला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यात भरती होणाऱ्या सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या ‘बुद्धी’ची चाचणी घेतली. रॉबर्ट यर्क्स नावाचा मानसशास्त्रज्ञ तिचा प्रमुख होता. शिकलेल्यांसाठीची जी चाचणी होती तिला ‘आर्मी अल्फा’ म्हणत. बुद्धीच्या या चाचणीत प्रश्न काय होते? ‘क्रिस्को’ म्हणजे काय : औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे : लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू की विनोदी नट? क्रिस्को हे अमेरिकन दुकानात मिळणारे वनस्पती तुपासारखे स्निग्ध आणि मॅथ्यूसन हा बेसबॉलपटू. इटलीहून, रशियाहून, पोलंडहून चार वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेल्या मजुराला हे ठाऊक असणार कसे? काळ्या शेतमजुराला त्या डब्याची जाहिरात वाचायची सवड तरी होती का? पण निष्कर्ष असा काढला गेला की, हे लोक जन्मतःच मंदबुद्धी आहेत. कार्ल ब्रिगहॅम याने १९२३ साली यावर अख्खे पुस्तक लिहिले, आणि त्याच हवेत १९२४ चा परकीयांना रोखणारा कायदा पास झाला. ब्रिगहॅमने १९३० मध्ये आपले निष्कर्ष चुकले असे कबूल केले. कायदा मात्र चार दशके राहिला.

यात आणखी एक कडू गोष्ट आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये ज्या आल्फ्रेड बिने याने बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, त्याचा हेतू मागे पडणारी मुले हुडकून त्यांना जादा शिकवण्याचा होता. बुद्धी जन्माने ठरते आणि वाढत नाही, हे मत त्याला मान्य नव्हते. उचलण्यासाठी बनवलेले साधन दाबण्यासाठी वापरले गेले. ‘मेरिट, मेरिट’ म्हणून २००६ साली रस्त्यावर झाडू घेऊन उतरलेल्यांना हा इतिहास कोणी शिकवला नसावा.

आता टीव्हीकडे वळू. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि रात्री नऊला वस्त्यांमधले रस्ते ओस पडू लागले. पनवेलच्या झोपडपट्टीतसुद्धा ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात वीस माणसे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण पहिला करोडपती ठरला. तो त्या वेळी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. त्याचा एक कोटीचा प्रश्न कोणता होता, हे आज फारच थोड्यांना आठवते. तो संविधानावरचा होता. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी संविधान कोणाला देते? उत्तर : भारताचा महान्यायवादी. कलम ८८. म्हणजे पहिले कोटी रुपये ज्या प्रश्नावर मिळाले, तो प्रश्न बाबासाहेबांच्या मसुदा समितीच्या टेबलावरून आलेला होता. पण ‘महान्यायवादी’ हा शब्द सांगणे वेगळे आणि त्या कलमातला दुसरा अर्धा भाग जाणणे वेगळे. महान्यायवादी सभागृहात बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. का देऊ शकत नाही? कारण त्याला लोकांनी निवडून दिलेले नाही. या ‘का’मध्ये लोकशाहीचे सार आहे, आणि नेमका तोच ‘का’ कोणतीही प्रश्नमंजुषा विचारत नाही. चार पर्यायांत ‘का’ मावत नाही.

त्या कार्यक्रमातली मदतीची एक सोय आम्हाला नेहमी विचारात पाडते. मित्राला फोन! तीस सेकंदांत आपला मित्र उत्तर सांगतो. कल्पना चांगली आहे. पण फोन लावायचा कोणाला? प्राध्यापकाच्या मुलाकडे दहा नंबर असतात : मामा डॉक्टर, काका वकील, मावशी बँकेत. पनवेलच्या नाक्यावर सकाळी सातला कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याच्या पोराने कोणाचा नंबर द्यायचा? प्रस्थापितांची ‘गुणवत्ता’ ही पुष्कळदा अशाच फोनवर चालते, फक्त तो फोन परीक्षा केंद्रात दिसत नाही.

तरीही ज्यांच्याकडे असे फोन नव्हते, तेही तिथे पोहोचले हे नोंदवले पाहिजे. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी त्याच कार्यक्रमात एक कोटी जिंकले. शाळेत मुलांची खिचडी शिजवायची, महिन्याला पंधराशे रुपये मानधन. बक्षिसात काय घेणार विचारल्यावर त्यांची इच्छा साध्या मोबाईलची होती. त्याच वर्षी मराठीतल्या ‘कोण होणार करोडपती’च्या सूत्रसंचालकाच्या खुर्चीत नागराज मंजुळे बसला होता. प्रश्न विचारणाऱ्या खुर्चीत जेऊरचा, वडारवस्तीतला पोरगा! आम्हाला त्या वर्षी स्पर्धकापेक्षा त्या खुर्चीकडे पाहून अधिक आनंद झाला, हे लपवत नाही.

कारण सत्ता उत्तर देणाऱ्याकडे नसते, प्रश्न काढणाऱ्याकडे असते. याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. ३० ऑक्टोबर २०२० च्या भागात मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध लढणारे बेझवाडा विल्सन पाहुणे होते, सोबत अभिनेते अनुप सोनी होते. सहा लाख चाळीस हजारांचा प्रश्न आला : २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या? पर्याय होते विष्णुपुराण, भगवद्गीता, ऋग्वेद आणि मनुस्मृती. उत्तर इतिहासाच्या पुस्तकात छापलेले आहे. तरी लातूर जिल्ह्यातल्या एका आमदाराने अमिताभ बच्चन आणि वाहिनीविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चारही पर्याय एकाच धर्माचे का, असा त्यांचा आक्षेप होता. अहो, जाळला तो ग्रंथ ज्या परंपरेतला, पर्यायही त्याच परंपरेतले असणार. अर्जुनाच्या धनुष्याला पर्याय म्हणून कोणी बंदुकीचे नाव देते का? वर्षानुवर्षे हजारो प्रश्नांत जे कोणाला खुपले नाही, ते आपला एक प्रश्न पडद्यावर येताच खुपले. तो भाग पाहताना आम्हाला विहारातली ती पोरगी आठवली. तिला आम्ही गप्प बसवले होते आणि इकडे महाडचा प्रश्न विचारला म्हणून टीव्हीवाल्यांना गप्प बसवायला निघाले होते. दोन्हीची जात एक नाही, हे कबूल. पण आम्हाला चैन पडली नाही.

टीव्हीवरच्या ‘बुद्धी’चे खरे रूप अमेरिकेने पन्नासच्या दशकातच पाहिले होते. ‘ट्वेन्टी-वन’ नावाच्या प्रश्नमंजुषेत चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा तरुण प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिला आणि साऱ्या देशाचा लाडका झाला. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तिथेच हा शिकवत असे. त्याच्या आधी जिंकत असलेला हर्बर्ट स्टेंपेल हा गरीब ज्यू घरातला होता. त्याला मुद्दाम न बसणारा सूट घालायला लावला होता आणि ठरलेल्या वेळी, येत असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकवून हरायला लावले. व्हॅन डोरेनला उत्तरे आधीच दिली जात होती. १९५९ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याने हे कबूल केले. घाम पुसणे, कपाळाला आठ्या घालून आठवल्याचा आव आणणे, सगळे शिकवलेले होते. बुद्धिमान ‘दिसायचा’ कोण, हे तिथे निर्मात्यांनी ठरवले. आमच्याकडे ते काही हजार वर्षे आधीच ठरवून ठेवले होते.

बाबासाहेबांच्या शाळेतला फळ्याचा प्रसंग आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला शिवायच्या आत पोरे धावली आणि डबे बाजूला फेकले. उत्तर येत होते, पण फळ्यापर्यंतची चार पावले आड येत होती. त्याच शाळेत संस्कृत नाकारले म्हणून फारसी घ्यावी लागली. ज्या काळात शूद्राने वेद ऐकला तर कानात तप्त रस ओतावा असे गौतम धर्मसूत्र सांगत होते, त्या काळात पाठांतराची स्पर्धा कोणामध्ये होत असणार हे वेगळे सांगायला नको. स्पर्धेत उतरूच द्यायचे नाही आणि मग म्हणायचे, यांना बुद्धी नाही!

इथे काही मित्र म्हणतील, मग पाठांतर टाकून द्यायचे काय? तारखा पाठ करायच्याच नाहीत? आम्ही असे मुळीच म्हणत नाही. उलट, आठवून पाहण्याने ज्ञान टिकते हे सिद्ध झालेले आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने धडा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून विहारात प्रश्नमंजुषा झालीच पाहिजे. आणि आपल्यासाठी स्मरण ही चैन कधीच नव्हती. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास जलशांतून, ओव्यांतून, भीमगीतांतून, म्हाताऱ्यांच्या तोंडूनच उतरला. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले. तोवरचे सारे काही त्यांच्या कानात आणि मनातच होते. मोबाईलवर बोट फिरवले की उत्तर येते, २०११ मध्ये तर संगणकाने अमेरिकेतल्या नामवंत प्रश्नमंजुषा-वीरांना हरवले, म्हणून माणसाने काही लक्षात ठेवू नये, हे तर्कट आम्हाला मान्य नाही. मोबाईलला काय विचारायचे, हे सुचायलाही डोक्यात काही असावे लागते.

धम्मात याचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. ती एका अर्थी प्रश्नमंजुषाच होती. अध्यक्ष महाकश्यप प्रश्न विचारत आणि विनयाची उत्तरे देत होते उपाली. उपाली कोण? शाक्यांच्या घरचा न्हावी. जगातल्या कोणत्या धर्माने आपला नियमग्रंथ न्हाव्याच्या स्मरणशक्तीवर सोपवला? आणि तिथले प्रश्न पाहा : हा नियम कुठे घालून दिला? कोणाच्या संदर्भात? कोणत्या कारणावरून? नियम पाठ असून भागत नव्हते, तो का झाला हेही सांगावे लागत होते. आनंद तर स्मरणशक्तीत सर्वश्रेष्ठ. तथागतांची प्रवचने त्यांनाच मुखोद्गत. पण संगीतीच्या आदल्या रात्रीपर्यंत ते अर्हत झालेले नव्हते. उलट चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावानेच त्याला संघातून जायला सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती पांढरे फडके दिले आणि चोळत बसायला सांगितले. हाताने फडके मळत गेले, त्याला अनित्यता कळली आणि तो अर्हत झाला. आमच्या स्पर्धेत चूळपंथक पहिल्या फेरीतच बाद झाला असता.

आमच्या मुलांची अडचण वेगळीच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असते. पूर्वी ती चौथी-सातवीला असे, पुढे काही वर्षे पाचवी-आठवीला होती. क्लासवाले मुलांकडून तीच कोडी शेकडो वेळा सोडवून घेतात. ज्याला क्लासची फी परवडते त्याची ‘बुद्धिमत्ता’ वाढते. हा चमत्कार पनवेलच्या कोणत्याही गल्लीत पाहायला मिळतो. म्हणून विहारातले मोफत वर्ग चालले पाहिजेत, आणि त्या वर्गांत चूक उत्तराला हसायची बंदी पाहिजे. आमची पोरे उत्तर येत असून हात वर करत नाहीत. चुकले तर काय, ही भीती त्यांच्या आधीच्या चार पिढ्यांनी कमावून ठेवली आहे. बटण ज्याचे बोट आधी दाबते त्याला बुद्धिमान म्हणताना, बोट अडखळते का, हे विचारायला नको?

आणि १८५५ साल विसरून कसे चालेल? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या निबंधात तिने कोणाच्या प्रश्नाची उत्तरे दिली नव्हती. तिनेच प्रश्न विचारले होते, वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, इथपर्यंत. आमच्या नियमाप्रमाणे तिलाही दहा सेकंदांनी ‘वेळ संपली’ म्हणावे लागले असते.

स्पर्धेनंतर चार दिवसांनी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आई घरकाम करते, वडील वॉचमन. आजी दारातच बसली होती. आम्ही जयभीम केला आणि चूक कबूल केली. आजीचे माहेर महाड तालुक्यातले. तिचा बाप पोरवयात डिसेंबरच्या परिषदेला गेला होता. त्यांच्या घरात ‘मार्चचं पाणी’ आणि ‘डिसेंबरची परिषद’ असेच बोलतात. आजी नातीला म्हणाली, ‘बघ, सर आलेत घरी. मी म्हणत नव्हते, तुझं चुकलेलं नाही?’ पोरगी काही बोलली नाही. चहा मात्र तिनेच आणून दिला.

पुढची दोन वर्षे टाळेबंदीत गेली. २०२२ च्या जयंतीला स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा ती अकरावीत होती. प्रश्न काढायच्या समितीत आम्ही तिला घेतले. तिने दोन नियम बदलायला लावले. पहिला, प्रश्न संदिग्ध वाटला तर स्पर्धकाला एक प्रतिप्रश्न करता येईल आणि त्यात वेळ मोजली जाणार नाही. दुसरा, दहातले पाच गुण तारखेला आणि पाच ‘का’ला. तिसऱ्या सूचनेवर समितीत बराच वाद झाला. तिचे म्हणणे होते, मित्राला फोन नको, घरच्यांना विचारायची मुभा द्या, म्हणजे आया आणि आज्या स्पर्धेला येऊन बसतील. कोणी म्हणाले, गोंधळ होईल. शेवटी एका फेरीपुरते मान्य झाले.

गोंधळ झालाच. ‘मनाई हुकूम असताना तळ्याभोवती फेरी का काढली?’ या प्रश्नावर एका संघाने घरच्यांची मदत मागितली आणि मागच्या रांगेतून सात-आठ बायका एकदम बोलू लागल्या. निवेदकाला कोणाचे ऐकावे कळेना. घड्याळ बंद करून ठेवावे लागले आणि ती फेरी सव्वा तास चालली.